गांडुळाच्या मेंदूतील स्रावी पेशी

गांडुळाचा मेंदू म्हणजे शरीराच्या तिसऱ्या खंडात, ग्रसनीच्या, म्हणजे घशाच्या, वरच्या बाजूस असलेली दोन गुच्छिकांची, म्हणजे चेतापेशींच्या गाठींची, टाचणीच्या डोक्याएवढी जोडी. मात्र तिच्या बाह्य थरातील काही चेतापेशी ग्रंथींप्रमाणे संप्रेरके बनवतात आणि ती अक्षतंतूंतून, म्हणजे पेशीच्या लांब धाग्यांतून, वाहून नेऊन रक्तात सोडतात, म्हणून त्यांना चेतास्रावी पेशी म्हणतात.

चेतापेशीने संदेश वाहावा आणि ग्रंथीने स्रवावे, ही विभागणी एके काळी इतकी पक्की होती की अर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये माशाच्या मेंदूत स्रावी चेतापेशी वर्णिल्यावर त्यांना तीव्र विरोध झाला. हा विरोध मावळला त्यात त्यांच्या पत्नी बेर्टा शारर यांचा वाटा फार मोठा होता. पतीने पृष्ठवंशी प्राणी आणि आपण अपृष्ठवंशी प्राणी, अशी कामाची वाटणी करून त्यांनी मृदुकाय, वलयी प्राणी व कीटक यांच्यात अशाच पेशी दाखवल्या, आणि त्यामुळे हा प्रकार माशापुरता अपवाद नसून प्राणिसृष्टीत सर्वदूर आहे हे ठरले. कार्ल फॉन फ्रिश यांच्याकडे डॉक्टरेट मिळवलेल्या या विदुषीला पतीच्याच संस्थांमध्ये वर्षानुवर्षे बिनपगारी काम करावे लागले आणि प्राध्यापकपद थेट १९५५ मध्ये मिळाले, हे या शास्त्राच्या इतिहासात ठळकपणे नोंदले गेले पाहिजे.

गांडुळातील या पेशींचे प्रकार १९५० च्या दशकात ह्युब्ल यांच्या संशोधनातून रूढ झाले. मेंदूच्या अगदी बाहेरच्या थरात दाटीने बसलेल्या, स्रावकणांनी भरलेल्या लहान पेशी त्या ‘अ’ पेशी, त्यांच्या आतल्या बाजूच्या आकाराने मोठ्या त्या ‘ब’ पेशी, तर ग्रसनीखालच्या गुच्छिकेत आणखी वेगळ्या पेशी आढळतात. पॅराल्डिहाइड-फुक्सिनने रंगवलेल्या कापात ‘अ’ पेशींतील कण गडद जांभळे दिसतात. अंडी घालण्याशी याच पेशींचा संबंध हर्लांत-मीविस यांनी जोडला, कारण आयसेनिया प्रजातीच्या गांडुळाचा मेंदू काढल्यास अंडी घालणे थांबते. मेंदू पुन्हा वाढून येतो हा गांडुळाचा गुण अशा प्रयोगांना विशेष उपयोगी पडतो.

तथापि, रंग हा रसायनाचा पुरावा नव्हे, आणि केवळ रंगावरून प्रकारांची यादी वाढवत जाण्याने ज्ञान वाढत नाही. आयसेनियातच १९९४ मध्ये जपानी संशोधकांना ॲनेटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे पेप्टाइड सापडले. ते प्रसूतीच्या वेळी गर्भाशय आकुंचित करणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कुळातले असून, टोचल्यावर गांडूळ अंडी घालण्याच्या हालचाली करू लागते. त्याचे जनुक मुख्यत्वे कार्यरत आढळले ते मात्र ग्रसनीखालच्या गुच्छिकेत, म्हणजे ‘अ’ पेशींच्या थरापासून दूर.