दात वगळलेले आरोग्य

30 जुलै 1965 रोजी मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘मेडिकेअर’च्या कायद्यावर स्वाक्षरी केली. वृद्धांच्या आजारपणाचा भार शासनाने उचलावा, असा आग्रह धरून हार पत्करलेले माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन त्या प्रसंगी उपस्थित होते आणि योजनेचे पहिले कार्ड त्यांनाच देण्यात आले. पासष्टी ओलांडलेल्या नागरिकाला इस्पितळाचे दार केवळ पैशाअभावी बंद राहू नये, हा या कायद्याचा उदात्त हेतू होता आणि तो पुष्कळ अंशी सफलही झाला. परंतु याच कायद्यात एक छोटेसे कलम होते. दातांची निगा, त्यांवरील उपचार, ते भरणे, काढणे अथवा त्यांच्या जागी नवे बसविणे यांचा खर्च ही योजना देणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. चष्मा आणि श्रवणयंत्र यांनाही असाच नकार होता. वार्धक्यात जी इंद्रिये सर्वांत आधी थकतात, नेमकी तीच वृद्धांसाठी केलेल्या योजनेतून वगळली गेली. साठ वर्षे उलटून गेली. ते कलम आजही कायम आहे.

असे का झाले, याचे उत्तर त्या काळच्या विमाव्यवहारात सापडते. ‘मेडिकेअर’चा आराखडा तत्कालीन खाजगी आरोग्यविम्याच्या नमुन्यावर बेतलेला होता आणि त्या विम्यात दातांना स्थान नव्हते. त्यामागे आणखी जुना इतिहास आहे. 1840 मध्ये बाल्टिमोर येथे जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय निघाले, ते वैद्यकीय महाविद्यालयाचा विभाग म्हणून नव्हे, तर स्वतंत्रपणे. शिक्षण वेगळे, परवाना वेगळा, दवाखाना वेगळा. मग विमाही वेगळाच राहिला. देहाचा एक अवयव देहापासून निराळा मानण्याची ही प्रथा निसर्गाने घातलेली नाही. अमेरिकेचे सर्जन जनरल डेव्हिड सॅचर यांनी 2000 साली मौखिक आरोग्यावरील आपल्या अहवालात मुखाचे आरोग्य हे सर्वसाधारण आरोग्याचाच अविभाज्य भाग असल्याचे बजावले. कायद्याने मात्र ते मानले नाही.

तर्कदुष्टतेचे नमुने

या वगळण्यातून किती विसंगती निर्माण झाल्या, ते पाहण्यासारखे आहे. जबड्याला किरणोपचार द्यावयाचे असतील, तर त्यापूर्वी दात काढण्याचा खर्च ‘मेडिकेअर’ देई; परंतु काढलेल्या दातांच्या जागी कवळी बसविण्याचा खर्च रुग्णाचा! मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणापूर्वी मुखाची तपासणी शासकीय खर्चाने होई. मात्र तपासणीत जंतुसंसर्ग आढळला, तर त्यावरील उपचार रुग्णाने पदरमोड करून घ्यावेत, अशी स्थिती दीर्घकाळ होती. हृदयाच्या नव्या झडपेवर सहस्रावधी डॉलर खर्च करणारी योजना, त्या झडपेला धोका पोचविणाऱ्या किडक्या दाढेपाशी येऊन थबकत असे.

2023 पासून या नियमात काहीसा समंजसपणा आला. ज्या दंतोपचारांवाचून अन्य मान्य उपचार यशस्वी होणे अशक्य आहे, अशांचा खर्च मिळू लागला. अवयव-प्रत्यारोपण आणि हृदयाच्या झडपांच्या शस्त्रक्रिया यांपासून आरंभ झाला. 2024 मध्ये कर्करोगावरील काही उपचारांचा आणि 2025 मध्ये डायलिसिस घेणाऱ्या मूत्रपिंडरोग्यांचा समावेश झाला. सुधारणा स्वागतार्ह आहे. पण तिचा अर्थ असा की, दात दुरुस्त करून घेण्यासाठी वृद्धाने आधी दुर्धर रोगाने आजारी पडावे. केवळ जेवता येत नाही म्हणून आलेल्या माणसाला ती काही देत नाही.

पर्याय अनेक, आधार थोडा

मग पासष्टीच्या पुढील अमेरिकन नागरिक करतो काय? त्याच्यापुढे पर्यायांची वाण नाही. ‘मेडिगॅप’ या नावाचा पूरक विमा तो घेऊ शकतो. पण तो सामान्यतः ‘मेडिकेअर’ने मान्य केलेल्या उपचारांतील उरलेला खर्च भरून देतो, आणि मूळ योजनेत दातच नसल्यामुळे पूरकातही ते येत नाहीत. अत्यंत गरीब असेल, तर ‘मेडिकेड’ ही दुसरी सरकारी योजना आहे. तीत मुलांचे दंतोपचार सक्तीचे, तर प्रौढांचे राज्यांच्या मर्जीवर सोपविलेले आहेत. तिजोरीत खडखडाट झाला की कात्री प्रथम येथेच चालते. 2009 च्या मंदीत कॅलिफोर्नियाने प्रौढांचे बहुतेक दंतोपचार योजनेतून काढून टाकले. ते पूर्णपणे परत मिळण्यास 2018 साल उजाडले. माजी सैनिक आणि केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी यांच्यासाठी वेगळ्या सोयी आहेत, परंतु त्या ठराविक वर्गापुरत्या आहेत. सामुदायिक आरोग्यकेंद्रे उत्पन्नानुसार शुल्क आकारतात आणि दंतमहाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या हातून कमी खर्चात उपचार होतात. पण ती गावोगावी नाहीत.

राहता राहिला स्वतंत्र दंतविमा. त्याचे स्वरूप बारकाईने पाहिले, तर त्याला विमा म्हणावे काय, असाच प्रश्न पडतो. विम्याचे मूळ तत्त्व असे की, थोड्यांवर कोसळणारे अनपेक्षित संकट पुष्कळांनी वाटून घ्यावे. घराला आग लागली, तर विमा सबंध घराची भरपाई करतो. दंतविम्यात नेमके उलट घडते. नुकसान जितके मोठे, तितका विम्याचा हात आखडता. बहुतेक दंतविम्यांत वर्षाला द्यावयाच्या रकमेवर कमाल मर्यादा असते आणि ती पुष्कळदा 1,000 ते 2,000 डॉलरांच्या आत असते. तपासणी आणि स्वच्छता यांचा पूर्ण खर्च, साध्या उपचारांचा सुमारे 80 टक्के आणि कवळी किंवा टोपी यांसारख्या मोठ्या कामाचा निम्माच, अशी प्रचलित उतरंड आहे. शिवाय मोठ्या कामासाठी कित्येकदा सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते.

उदाहरणादाखल काही आकडे कल्पून हिशेब मांडता येईल. मासिक हप्ता 40 डॉलर, प्रारंभीची स्वखर्चाची रक्कम 50 डॉलर आणि कवळीसाठी एका वर्षाची प्रतीक्षा, असा विमा एखाद्या वृद्धेने घेतला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिने 2,000 डॉलरांची कवळी करविली. विमा कंपनी 1,950 च्या निम्मे, म्हणजे 975 डॉलर देईल. तोवर तिने भरलेले हप्ते होतात 960 डॉलर. दोन वर्षे तोंड मिटून बसल्याचे फळ पंधरा डॉलर! दरम्यान नियमित तपासणी व स्वच्छता करून घेतली असेल, तर तेवढा लाभ निराळा, आणि तोच या विम्याचा खरा उपयोग होय. ज्याचे दात बरे आहेत त्याला ते बरे ठेवण्यास तो साहाय्य करतो; ज्याचे बिघडले आहेत त्याला फारसा वाचवीत नाही. याहून सावध राहावे ते ‘सवलत योजनां’पासून. त्या विमा नव्हेतच; वार्षिक वर्गणीच्या बदल्यात ठराविक दंतवैद्यांकडे दर कमी मिळतो, एवढेच.

दातांचे आमिष

या साऱ्यांवर मात करील असे भासणारा पर्याय म्हणजे ‘मेडिकेअर ॲडव्हान्टेज’. खाजगी कंपन्या शासनाकडून दरडोई रक्कम घेतात आणि ‘मेडिकेअर’चे लाभ स्वतःच्या व्यवस्थेतून पुरवितात. यांतील जवळजवळ सर्व योजना काही ना काही दंतसेवा देऊ करतात. 2023 पासून पात्र वृद्धांपैकी निम्म्याहून अधिक लोक या योजनांत आहेत. दरवर्षी 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या निवडीच्या काळात होणाऱ्या जाहिरातींत दातांना मानाचे स्थान असते.

ही सोय अनेकांना खरोखरच उपकारक ठरते, हे नाकारण्याचे कारण नाही. हप्ता वेगळा भरण्याची ऐपत नसलेल्या वृद्धाला निदान वर्षातून दोनदा दंतवैद्याचे दर्शन घडते. परंतु दातांसाठी पत्करलेल्या अटी सबंध देहाला लागू होतात. डॉक्टर आणि इस्पितळे कंपनीच्या यादीतील, मोठ्या उपचारांना कंपनीची पूर्वसंमती, आणि दंतलाभाची मर्यादा दरवर्षी बदलण्याची मुभा कंपनीला. पुढे एखाद्या गंभीर आजारात मूळ ‘मेडिकेअर’कडे परतावेसे वाटले, तर तो मार्ग खुला असतो, मात्र त्याला जोडून घ्यावयाचा ‘मेडिगॅप’ विमा, काही मोजक्या सवलती सोडल्यास, बहुतेक राज्यांत कंपन्या प्रकृतीचे कारण सांगून नाकारू शकतात. सत्तराव्या वर्षी दाढेपायी केलेली निवड ऐंशीव्या वर्षी हृदयाच्या उपचारांच्या आड येऊ शकते. एवढा गुंतागुंतीचा निर्णय वृद्ध माणसाने जाहिराती पाहून करावा, अशी अपेक्षा ठेवणे हा व्यवस्थेचा निष्ठुरपणाच म्हणावा लागेल.

हे कोडे काही मराठी घरांनाही अपरिचित नाही. मुलामुलींकडे कायम वास्तव्यासाठी गेलेल्या आईवडिलांना पासष्टीनंतरही, ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे काढल्यावाचून, सहसा ‘मेडिकेअर’मध्ये हप्ता भरून शिरता येत नाही, आणि शिरल्यावर कळते की दात तिथेही बाहेरच आहेत. भारतभेटीच्या यादीत पुण्या-मुंबईच्या दंतवैद्याचे नाव असते, ते यामुळेच.

खर्चाचा बाऊ

कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. 2019 मध्ये प्रतिनिधिगृहाने ‘मेडिकेअर’मध्ये दातांचा समावेश करणारे विधेयक संमत केले, सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. 2021 मध्ये पुन्हा तो विषय निघाला आणि मागे पडला. त्या वेळी दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेनेच सरसकट लाभाला विरोध करून तो अल्प उत्पन्न गटापुरता ठेवावा, अशी भूमिका घेतली. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने 2019 मध्ये दहा वर्षांचा दंतखर्च सुमारे 238 अब्ज डॉलर काढला होता. आकडा दडपून टाकणारा आहे, आणि खर्चाची भीती अगदीच निराधारही नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने 1948 मध्ये कवळ्या विनामूल्य दिल्या, तेव्हा मागणीचा असा लोंढा आला की 1951 मध्ये शुल्क आकारावे लागले आणि त्या प्रश्नावर योजनेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले.

परंतु त्या लोंढ्याचा दुसराही अर्थ आहे. दातांविना घास गिळणारी केवढी प्रजा तोवर मूकपणे दिवस कंठीत होती, हेच त्याने दाखविले. खर्च टाळला म्हणजे तो नाहीसा होत नाही. दात दुखू लागलेला वृद्ध अखेर इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जातो. तेथे वेदनाशामक गोळ्या मिळतात, दाढ तशीच राहते, आणि त्या भेटीचे देयक ‘मेडिकेअर’कडेच येते. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण कोषागारांनीही ध्यानी ठेवण्याजोगी आहे. मध्यम मार्ग अशक्य नाही, हे कॅनडाने दाखविले. तेथे 2024 पासून, खाजगी दंतविमा नसलेल्या आणि 90,000 कॅनडियन डॉलरांहून कमी कौटुंबिक उत्पन्न असलेल्या वृद्धांना सरकारी दंतसेवा मिळू लागली. उत्पन्न 70,000 हून कमी असेल, तर सहभागाची रक्कमही द्यावी लागत नाही.

भारतात 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, ‘आयुष्मान भारत’चे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. पाऊल मोठे आहे, यात शंका नाही. पण ही योजना मुख्यतः इस्पितळात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे, आणि दातांची कामे खाटेवर नव्हे, खुर्चीवर होतात. निवृत्त शिक्षकाने अथवा कारकुनाने कवळी करावयाची, तर बहुधा त्याच्या निवृत्तिवेतनातूनच. नाही तर सरकारी वा महापालिकेच्या दंतमहाविद्यालयापुढील रांगेत उभे राहून. अमेरिकेने 1965 मध्ये केलेली चूक सुधारण्यास साठ वर्षे पुरली नाहीत, कारण एकदा वगळलेले पुन्हा आत घेणे हे मुळात समाविष्ट करण्याहून कठीण असते. भारतीय योजना अद्याप तरुण आहे. सर्व काही एकदम देणे परवडणार नाही, हे मान्य केले, तरी वर्षातून एक तपासणी, दुखरा दात काढणे आणि साधी कवळी, एवढ्या तीन गोष्टींपासून आरंभ करता येईल. आयुष्य वाढविणाऱ्या शासनाने त्या वाढलेल्या आयुष्यातील भाकरी चावण्याची सोयही पाहिली पाहिजे.