पेडल बंद असतां स्वर कोठें जातो?

अलीकडे आमच्या शाळेच्या संमेलनांत, तसेंच हातकणंगले व आसपासच्या गांवांतील उपासनांत आणि लग्नसमारंभांत, विजेची गिटार वाजविणारीं मुलें पुष्कळ दिसूं लागलीं आहेत. गिटार आली कीं तिच्या पाठोपाठ पायानें दाबावयाच्या त्या लहान रंगीत पेट्याहि येतात. त्यांस पेडल म्हणतात. एक पेडल स्वर खरखरीत करतें, दुसरें त्याचा प्रतिध्वनि उमटवितें, तिसरें त्यास लाटेप्रमाणें हालवितें. येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी आम्हांस एक निराळाच प्रश्न विचारतात: "सर, पेडल ट्रू बायपासचें घ्यावें कीं बफरचें?" आणि त्यांचे वडील विचारतात कीं, घरांत आहे तें पेडल चांगलें वाजत असतां, केवळ पेटीवर 'ट्रू बायपास' हे शब्द छापलेले आहेत एवढ्यासाठीं दुसरें महाग पेडल कां घेऊन द्यावें? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, व थोडा विचार केला असतां दोहोंचें उत्तर एकच निघतें.

तक्रार काय आहे ती प्रथम पाहूं. मुलगा घरीं लहानशा केबलनें गिटार थेट अॅम्प्लिफायरला जोडून वाजवितो, तेव्हां स्वर स्वच्छ व झळाळता येतो. तोच मुलगा व्यासपीठावर जातो. लांब केबली, मध्यें पांच-सहा पेडलें, आणि तीं सर्व बंद. म्हणजे स्वर जसा घरीं होता तसाच यावयास पाहिजे. पण तो घोंगडें पांघरल्यासारखा दबका येतो. बिचारा आपल्या बोटांस दोष देतो, नव्या तारा विकत घेतो, किंवा टोकदार स्वराची कळ पूर्ण पिळून सूंसूं असा आवाज वाढवून बसतो. दोष त्याच्या बोटांचा नसतो.

जें हरवतें त्यास आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: जवारी. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 सालीं सुरू झाली, आणि आमच्या स्टेशनावरून मिरजेस जाणें हें थोड्या वेळाचें काम झालें. त्या मिरजेंत शिकलगार घराण्यांनीं शस्त्रांचें काम सोडून सतार व तंबोरे घडविण्याचा धंदा उभा केला, व 2024 सालीं तेथील सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील कारागीर तंबोऱ्याची घोडी किंचित् किंचित् घासून व तारेखालीं सुताचा दोरा सरकवून जवारी काढतो. तार तीच, मूळ स्वर तोच. परंतु त्या स्वराच्या अंगावर असलेले उंच उपस्वर जागे होतात, आणि तंबोरा बोलूं लागतो. गिटारचेंहि असेंच आहे. तिच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदास सुमारे 82 कंपनांचा, व सर्वांत बारीक मोकळ्या तारेचा सुमारे 330 कंपनांचा असतो. परंतु तिचा झळाळ दोन हजारांपासून पांच-सहा हजार कंपनांपर्यंतच्या उपस्वरांत असतो. लांब केबल मूळ स्वरास हात लावीत नाहीं. ती जवारी तेवढी खाते.

ती कशी, हें पाहण्यासाठीं गिटारच्या पोटांत शिरलें पाहिजे. तारांखालीं जो पिकअप असतो, त्यांत लोहचुंबक व त्यांभोवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे 7 ते 8 हजार वेढे असतात. पोलादी तार कांपली कीं चुंबकक्षेत्र हालतें, आणि फॅरडेनें 1831 सालीं दाखविल्याप्रमाणें वेढ्यांत विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. हा दाब ऐकूं येण्यास पुरेसा आहे. परंतु त्याच्या मागें बळ नाहीं. इतक्या वेढ्यांतून येणारा प्रवाह फार क्षीण असतो.

आतां केबल. मध्यें एक तार, तिच्याभोवतीं निरोधक वेष्टन, व त्यावर जाळीचें दुसरें वेष्टन, अशी तिची रचना असते. दोन धातु व मध्यें निरोधक, म्हणजे शाळेंत शिकविलेलें विद्युत्‌धारित्रच तें. साधारण गिटारच्या केबलींत दर मीटरास सुमारे 100 पिकोफॅरड इतकी धारिता असते. तिला आपण वाटेंत ठेवलेली घागर समजूं. प्रत्येक कंपनाबरोबर ती भरावी लागते व रिकामी करावी लागते. सेकंदांत 82 वेळां भरावयाची असेल तर क्षीण झऱ्यासहि तें साधतें. पण 5000 वेळां भरावयाची असेल तर झरा पुरत नाहीं. म्हणून उंच उपस्वर वाटेंतच राहतात. केबल जितकी लांब, तितकी घागर मोठी.

ज्यांस आंकडे आवडतात त्यांनीं हें करून पहावें. पिकअपचें प्रवर्तन अडीच हेन्री, त्याची स्वतःची व आंतील जोडणीची धारिता 100 पिकोफॅरड धरा. 3 मीटर केबल जोडली तर एकूण 400 पिकोफॅरड होतात, व गिटारचा झळाळ सुमारे 5000 कंपनांपाशीं येतो. त्यापुढें स्वर झपाट्यानें उतरतो. आतां व्यासपीठावरील मांडणी घ्या. गिटारपासून पेडलांपर्यंत 7 मीटर, पेडलांपासून अॅम्प्लिफायरपर्यंत 7 मीटर, व मधले लहान तुकडे मिळून 1 मीटर. एकूण 1600 पिकोफॅरड. तो झळाळ खालीं घसरून सुमारे 2500 वर येतो. चौपट धारिता, निम्मी उंची. वर्गमुळाचा हा नियम गणिताच्या तासाला निरुपयोगी वाटतो खरा!

ही अडचण गिटारवाल्यांनीं शोधून काढलेली नव्हे. 1858 सालीं अटलांटिक समुद्राखालून पहिली तारायंत्राची केबल पडली, तेव्हां व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे पोंचण्यास सुमारे 16 तास लागले. समुद्राच्या पाण्यांतील लांब केबल हें एक प्रचंड धारित्र होतें, आणि हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो असें विल्यम थॉमसन यांनीं त्यापूर्वींच गणितानें मांडलें होतें. तें शास्त्र नीट उमगल्यावर पुढील केबली यशस्वी झाल्या, व 1870 सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजानें मुंबईपासून एडनपर्यंत केबल टाकिली. संमेलनाच्या व्यासपीठावरील 15 मीटर आणि तो समुद्र यांची बरोबरी नाहीं, पण रोग त्याच घराण्यांतला आहे.

आतां पेडलांकडे वळूं. पेडल बंद केलें असतां स्वरानें त्यांतून कसें जावें, याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली जुनी व वाईट. 1967 सालीं निघालेल्या 'वाह' पेडलाच्या जुन्या नमुन्यांत खटका केवळ बाहेर जाणारें टोंक बदली; आंत येणारें टोंक पेडलाच्या मंडलास चिकटलेलेंच राही. म्हणजे पेडल बंद, तरी त्याचें ओझें गिटारच्या माथ्यावर. 'पेडल स्वर खातें' ही ओरड मुख्यतः येथून सुरू झाली, व ती खरी होती.

दुसरी तऱ्हा ट्रू बायपास. यांत बहुधा नऊ टोंकांचा खटका असतो. बंद केलें कीं मंडल दोन्ही बाजूंनीं सुटतें, व आंत येणारी तार बाहेर जाणाऱ्या तारेस धातूनें धातूशीं जोडली जाते. पेडल जणूं तेथें नाहींच. हें प्रामाणिक काम आहे. मात्र लक्षांत ठेवावें कीं, पेडल नाहींसें झालें तरी केबल नाहींशी होत नाहीं. पंधरा मीटर तीं पंधरा मीटरच राहतात, व तीं सगळीं त्या क्षीण पिकअपलाच ओढावीं लागतात. सहाच्या सहा पेडलें ट्रू बायपासचीं घेतलीं आणि स्वर पूर्वीपेक्षां अधिक दबका झाला, असें जें होतें त्यांत नवल कांहींच नाहीं.

तिसरी तऱ्हा बफर. जपानांतील रोलंड कंपनीनें बॉस या नांवानें 1977 पासून जीं लहान पेडलें काढिलीं, तीं या जातीचीं. बफर हें ट्रान्झिस्टरसारख्या भागांचें लहानसें मंडल असून पेडल बंद असतांहि जागें राहतें. त्याचें काम समजण्यास ऊसतोडीचा मुकादम आठवावा. थकलेला मालक बांधावरून नुसता हात करून दाखवितो. त्याच्या इशाऱ्याबरहुकूम काम करून घेतो तो मुकादम, व बळ लागतें तें टोळीचें. तसा बफर पिकअपकडून जवळजवळ कांहीं घेत नाहीं. त्याच्या दाराशीं रोध बहुधा पांच लाख ते दहा लाख ओहम असतो. किती दाब आला एवढें पाहून तो तितकाच दाब बॅटरीच्या बळावर पुढील केबलींत उभा करतो. आवाज वाढवीत नाहीं; बळ वाढवितो. पलीकडे त्याचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर पुढील 15 मीटर केबल एक लाख कंपनांपर्यंत त्याच्या वाटेस जात नाहीं, आणि मनुष्याचा कान तर वीस हजारांवर थांबतो.

मग बफरच श्रेष्ठ काय? तसेंहि नव्हे. एक तर जें गेलें तें बफर परत आणीत नाहीं. तो पुढील चोरी थांबवितो. म्हणून त्याची जागा गिटारच्या जवळ, आणि गिटारपासून त्याच्यापर्यंतची केबल आंखूड हवी. दुसरें, प्रत्येक बफर आपला थोडा खरखराट मिसळतो. एक-दोघांचा ऐकूं येत नाहीं. हलक्या प्रतीचे आठ-दहा ओळीनें लाविले तर येतो. तिसरें, 1966 सालीं निघालेल्या 'फझ फेस' सारखीं कांहीं जुन्या पद्धतीचीं पेडलें पिकअपशीं थेट बोलूं इच्छितात. त्यांच्या आधीं बफर ठेवला तर तीं कर्कश होतात, व गिटारवरील कळ कमी करून स्वर निवळण्याची त्यांची खुबी जाते. अशा पेडलास सर्वांत पुढें बसवावें, मागें बफर ठेवावा. शिवाय थोडा दबका स्वर कित्येकांस मनापासून आवडतो. त्यांनीं खुशाल लांब केबल वापरावी. तो त्यांच्या कानाचा निवाडा आहे.

तेव्हां पालकांनीं पैसे मोजण्यापूर्वीं केबलीचे मीटर मोजावे. दोन-तीन पेडलें व एकूण पांच-सहा मीटर केबल असेल, तर ट्रू बायपास असो वा बफर, फरक फारसा नाहीं. नवें कांहीं घेऊं नये. लांबी दहा-पंधरा मीटरांवर गेली तर ओळीच्या आरंभीं एक चांगला बफर हवा, आणि तो बहुधा घरांतील एखाद्या साध्या पेडलांत आधींच असतो. बाकीचीं ट्रू बायपासचीं असलीं तरी चालतात. ज्या लांकडी गिटारींत बॅटरी बसविलेली आहे, त्या मुलांस तर हा प्रश्नच नाहीं. त्यांचा मुकादम गिटारच्या पोटांतच आहे.

शंका राहिली तर परीक्षा फुकट आहे. गिटार आंखूड केबलनें थेट अॅम्प्लिफायरला लावून एकच सूर पुनःपुन्हां वाजवावा. मग सर्व पेडलें व केबली मध्यें घालून, सर्व बंद ठेवून, अॅम्प्लिफायरची एकहि कळ न हालवितां तोच सूर वाजवावा. ऐकणाऱ्यानें पाठ करून बसावें, म्हणजे डोळा कानास फसवीत नाहीं. फरक कळला तर एकेक पेडल काढून पहावें; चोर सांपडतो.

एक सूचना बफरवाल्यांस विशेष. बॅटरी संपली कीं बफरचें पेडल बंद असतांहि स्वर पुढें सोडीत नाहीं, आणि व्यासपीठावर एकाएकीं सर्व शांत होतें; ट्रू बायपासचें पेडल अशा वेळीं निदान वाट मोकळी ठेवतें. बहुतेक पेडलांत आंत येणारी केबल खोंचली कीं बॅटरी चालू होते व ती रात्रभर झिजत राहते. म्हणून वाजविणें संपतांच ती केबल उपटून ठेवावी, आणि कार्यक्रमाच्या दिवशीं 9 व्होल्टची एक नवी बॅटरी खिशांत असूं द्यावी.