चार लाख मतदार, हजार उत्तरं

पंचवटीचा मोठा भाग ज्या नाशिक पूर्व विधानसभा मतदारसंघात येतो, तिथले मतदार चार लाखांच्या घरात आहेत. त्यांचा कल जाणायला किती जणांना विचारावं लागेल? हजार. आणि २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात जे ९ कोटी ७० लाख मतदार होते, त्यांचा? तेही हजारच. दोन्हीकडे चूक साधारण तीन टक्के, वर किंवा खाली. मतदार दोनशे चाळीस पटींनी वाढले तरी नमुना वाढवावा लागत नाही. प्रचाराच्या बैठकीत हे कुणालाच पटत नाही.

पण पुढचा आकडा बघा. चार लाखांतून हजार जण निवडण्याचे जेवढे निरनिराळे प्रकार होतात, ती संख्या लिहायला तीन हजारांहून जास्त अंक लागतात. दृश्य विश्वातल्या अणूंची अंदाजे संख्या ऐंशीएक अंकांत मावते. इतक्या अफाट शक्यतांतून चिठ्ठ्या टाकून कोणताही एक नमुना उचला, शंभरातल्या पंच्याण्णव वेळा तो खऱ्या कलाच्या तीन टक्क्यांच्या आत बसतो. शितावरून भाताची परीक्षा होते ती अशी. अट एकच : शितं चिठ्ठी टाकूनच उचललेली हवीत.

ही अट मोडली की आकडा कितीही मोठा असो, उपयोग नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. जवळपास २४ लाख परत आल्या आणि अंदाज निघाला की रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात गरीब मतदार त्यात येणार कुठून? त्याच निवडणुकीत सर्वेक्षक जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

पंचवटीत हीच चूक करणं फार सोपं आहे. सकाळी अकराला रामकुंडावर किंवा काळाराम मंदिरापाशी फॉर्म घेऊन उभं राहा. तासाभरात गठ्ठा भरेल. पण त्यातले बरेच यात्रेकरू निघतील, त्यांचं मत इथे नाहीच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर गेलेला भेटणार नाही. खरं काम मतदार यादीपासून सुरू होतं. चार लाखांतून हजार म्हणजे यादीतलं दर चारशेवं नाव. ते म्हसरूळला असेल, आडगावला असेल, नाहीतर फुलेनगरच्या गल्लीत. दार बंद दिसलं तर संध्याकाळी पुन्हा जायचं, शेजारच्याला विचारून फॉर्म भरायचा नाही. घरातली बाई ‘ह्यांनाच विचारा’ म्हणाली तरी उत्तर तिचंच घ्यायचं, कारण नाव तिचं निघालं आहे.

महापालिकेला गणित आणखी अवघड होतं. नाशिकमध्ये ३१ प्रभाग, १२२ नगरसेवक. शहरभरचे हजार फॉर्म प्रभागांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला येतात ३२, आणि चूक जाते सतरा टक्क्यांवर. एवढ्या चुकीत बहुतेक लढतींचा निकाल बुडून जातो. तरीही त्याच हजारांवरून प्रभागवार विजेते सांगणारे अहवाल विकले जातात, ही सरळ फसवणूक आहे. प्रभागवार चित्र हवं तर प्रत्येकी किमान चारशे, म्हणजे १२,४०० मुलाखती. राज्यातल्या २८८ मतदारसंघांना हाच हिशेब लावला तर १,१५,२०० होतात. रोज पंधरा मुलाखती धरल्या तर एकट्या माणसाला एकही सुटी न घेता एकवीस वर्षं लागतील. म्हणून तीनशे जण नेमून महिनाभरात काम उरकतात, आणि मग घरी बसून भरलेले फॉर्म हा मोठा धोका होऊन बसतो.

मोठे सर्व्हे आपल्याकडेही फसतात. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० जागांच्या पुढे नेलं होतं. आले २९३.

उमेदवारांनो, सर्व्हेवाला ‘आम्ही पन्नास हजार लोकांशी बोललो’ म्हणाला तर भुलू नका. नावं कुठून काढली, किती जणांनी बोलायला नकार दिला, किती दारं पुन्हा ठोठावली, हे विचारा. भरलेल्या फॉर्मांपैकी दहा टक्के स्वतः निवडून त्या माणसांना तुमच्या लोकांकडून फोन करवा. याला तयार नसेल त्या एजन्सीला काम देऊ नका.