चामड्याचा पडदा

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या डोक्यात चित्र चकचकीत होतं. मुंबईत जुन्या मोटारींच्या रॅली निघतात, तसा जुन्या ट्रकांचा कोणी शौकीन बुलढाण्याकडे सापडतो का पाहा, म्हणाले. बोलताना 'व्हिंटेज' हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. तो शब्द घेऊन मी नांदुऱ्याच्या पुढे, जुन्या सहा नंबर हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजात पोचलो आणि मिस्त्रींसमोर ठेवला. त्यांनी हातातली टॉमी खाली ठेवली, बोळ्याला हात पुसले.

"हिंटेज म्हणजे कायची वो भाऊ? चालत असली त गाडी, नाही त भंगार. तिसरं काही नसते."

लेखाचा मथळा तिथंच गेला. मी मात्र चार दिवस राहिलो.

या रस्त्याचा नंबर आता 53 आहे, पण इथं अजून सगळे सहा नंबरच म्हणतात. सुरतेकडून येणारा, कोलकात्याकडे जाणारा हा रस्ता मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जिल्ह्याचा घाटाखालचा भाग कापत जातो. खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी 1870 साली जलंबहून रेल्वेचा फाटा आणला होता. पुढं गाठी ट्रकवर चढल्या आणि ट्रकांच्या मागोमाग रस्त्याकडेला पाटेवाले, पंप-नोझलवाले, वेल्डर, रेडिएटरवाले आले. नांदुऱ्याच्या 105 फुटी मारुतीला पाहायला थांबणाऱ्यांना ही दुकानं दिसत नाहीत. ज्याचा पाटा तुटला त्याला पहिली तीच दिसतात.

गॅरेजच्या मागच्या अंगाला, बाभळीखाली, एक 1210 उभी होती. खरं तर उभी होती असं म्हणवत नाही, लाकडी ठोकळ्यांवर टेकवली होती. टाटांच्या गाड्यांचे आकडे वाचायची रीत सोपी आहे. पहिले आकडे लादलेल्या गाडीच्या एकूण वजनाचे, टनांत, आणि शेवटचे दोन इंजिनाच्या ताकदीचे, दहानं गुणून घ्यायचे. 1210 म्हणजे बारा टनांची, शंभर घोड्यांच्या घरातली. इंजिन अर्धं नाकात, अर्धं कॅबिनमध्ये. उन्हाळ्यात ड्रायव्हरची डावी मांडी भाजायची, असं तिच्यावर राबलेला कोणीही सांगेल.

घराण्याचा इतिहास थोडक्यात. टाटांची टेल्को 1945 सालची. आधी रेल्वेची इंजिनं, मग 1954 मध्ये डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक. 1969 ला करार संपला, जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला, जागी 'टी' आला. तारा गेला तरी इंजिनाचा वाण बरीच वर्षं तोच राहिला. त्या काळी कंपनी बहुधा नुसती चेसिस द्यायची. कॅबिन आणि हौदा गावोगावचे सुतार-लोहार बांधायचे. म्हणजे 'मूळ' गाडी म्हणून जी म्हणतात ती पहिल्या दिवशीही दोन-तीन हातांची असायची. जुन्या मोटारींचे शौकीन कंपनीच्याच स्क्रूसाठी जीव टाकतात. तो हट्ट ट्रकला लावून चालत नाही.

या गाडीची चेसिस मालकाच्या वडिलांची. मालक घाटावरचा शेतकरी. बारा वर्षं ती त्याच्या खळ्यात गवतात बुडून होती. कॅबिन दुसऱ्या गाडीची, त्यामुळे दारं एका निळ्याची आणि छत दुसऱ्या निळ्याचं. गिअरबॉक्स तिसऱ्या गाडीचा. मागचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, चौथीचा. भंगारवाला हे सगळं किलोवर विकतो आणि मिस्त्री कानानं विकत घेतात. भंगाराच्या ढिगात क्रँक दिसला की ते तो दोरीनं टांगतात आणि लहान हातोडीनं हलकेच ठोकतात. देवळातल्या घंटेसारखा नाद लांबला तर घ्यायचा. बद्द वाजला की आत कुठंतरी केसाएवढी चीर आहे, मग चकाकी कितीही असो. क्राऊन आणि पिनियन मात्र ते कधीच सुटे उचलत नाहीत. कारखान्यात दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, जोडीचा नंबर दोघांवर कोरलेला असतो. "यांचं लग्न एकदाच लागते," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्याची बायको आणून बसवली त रस्ताभर बोंबलत जाते." शेजारी वायर सोलत बसलेला पोरगा हसला. त्याला ही उपमा पाठ असावी.

मी अडकलो तो मात्र गोळ्यात नाही, पंपाच्या शेपटाला लागलेल्या एका बशीएवढ्या डब्यात, म्हणजे गव्हर्नरमध्ये.

डिझेलचा पंप हे या गाडीचं काळीज. बंगळूरच्या मायकोचा, म्हणजे 1951 साली निघालेल्या आणि 2008 पासून बॉश म्हणवणाऱ्या कंपनीचा. सहा सिलिंडरांना सहा नळ्या, आणि आत एक दातेरी पट्टी. ही पट्टी, रॅक म्हणतात तिला, पुढं सरकली की डिझेल जास्त, मागं आली की कमी. माझी समजूत अशी होती की ड्रायव्हर पाय दाबतो आणि पट्टी सरकते. या जुन्या इंजिनात तसं होत नाही. पाय दाबला की हवेच्या तोंडातली एक गोल झडप उघडते, एवढंच. झडप मिटलेली असली की इंजिन हवा ओढायला धडपडतं आणि आत ओढ तयार होते. ती ओढ बोटाएवढ्या नळीतून या डब्यात पोचते. डब्यात आडवा ताणलेला एक चामड्याचा पडदा असतो. ओढीनं पडदा मागं खेचला जातो, त्याच्याबरोबर पट्टी मागं येते, डिझेल आटतं. झडप उघडली की ओढ ढिली पडते, स्प्रिंग पडद्याला पुढं लोटते, डिझेल वाढतं. उतारावर इंजिन स्वतःहून जास्त फिरायला लागलं तर ओढही आपोआप वाढते आणि त्याला आवरते. बारा टनांच्या गाडीचा वेग एक चामड्याचा तुकडा सांभाळतो. त्याला ना वायर, ना सर्किट.

पडद्याला मिस्त्री 'कासरा' म्हणतात. कासरा तुटला की बैल उधळतो, तसं पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी ओढ टिकत नाही, पट्टी पुढंच राहते आणि इंजिन सुसाट सुटतं. चावी फिरवून ते थांबत नाही, कारण डिझेल इंजिनाला ठिणगीची गरजच नसते.

तपासायची रीत पाहावी अशी आहे. नळी काढून टाकायची. थांबवायचा दांडा ओढून पट्टी पार मागं न्यायची. मग डब्याच्या उघड्या भोकावर अंगठा घट्ट दाबायचा आणि दांडा सोडून द्यायचा. पडदा शाबूत असेल तर आत हवा शिरायला वाट नाही, म्हणून पट्टी जिथल्या तिथं थबकून राहते. फाटका असेल तर टक्कन पुढं येते. मिस्त्रींनी अंगठा ठेवला. नखाभोवती काळ्या रेघा, मधे एक जुना चरा. पट्टी थबकली. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग हळूहळू, गोगलगाईच्या चालीनं, ती पुढं सरकायला लागली.

"वाळला," ते म्हणाले.

पडदा बाहेर आला तेव्हा पापडासारखा कडक होता. घडीवर बारीक चिरा गेलेल्या. बाजारात तयार पडदे मिळतात, पण मिस्त्रींचा त्यांच्यावर विश्वास नाही. जाड असतात, म्हणाले, ओढ हलकी असली की लवत नाहीत. गाडी उभ्या-उभ्या हेलकावे खाते. त्यांनी खोक्यातून शेळीच्या कातड्याचा मऊ तुकडा काढला, जुना पडदा वर ठेवून कडेनं सुईनं रेघ ओढली, कात्रीनं कापला, भोकं पाडली आणि एका बशीत तेलात बुडवून ठेवला. रात्रभर. दुसऱ्या दिवशी तो बोटात धरून दिव्यासमोर नेला. उजेड कुठूनही आत येत नव्हता. मग पुन्हा अंगठा. पट्टी थबकली आणि थबकूनच राहिली. घड्याळ लावायचं मला सुचलंच नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू करताना पोरगा हवेच्या तोंडाशी उभा होता. हातात ओलं पोतं. उधळलंच तर तोंड बंद करायचं, हवा तुटली की इंजिन गुदमरतं. पोत्याची वेळ आली नाही. धुराचा एक काळा लोट निघाला, बाभळीवरचे पक्षी उठले, आणि मग ती 1210 जुन्या लयीत टकटकत राहिली. त्या क्षणी मी पूर्ण त्यांच्या बाजूचा होतो. खरं सांगायचं तर, पुढचं सगळं कळल्यावर तेवढा राहिलो नाही.

गाडी शोभेसाठी नाही, पाण्यासाठी बांधली जातेय. उन्हाळ्यात घाटावर टँकरच्या खेपांना पैसा आहे. भंगारातून दहा हजार लिटरची टाकी आलेली. हिशेब कोणालाही करता येतो. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे दहा टन पाणी. चेसिस, कॅबिन आणि टाकीचं लोखंड मिळून पाच-साडेपाच टन. गाडी बारा टनांची. वर राजूर घाट. चढताना शंभर घोडे धापा टाकतील, ते चालेल. उतरताना ब्रेक जुन्या धर्तीचे, तेलाचे, मदतीला व्हॅक्यूम. आणि पाणी हा स्वस्थ बसणारा माल नव्हे. ब्रेक मारला की ते पुढं धावतं, गाडीला मागून ढकलतं. म्हणून टाकीच्या आत भोकांचे पडदे लावावे लागतात. या टाकीतले पडदे कोणीतरी कधीच कापून विकले होते.

कागदांची गोष्ट वेगळीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. चार गाड्यांतून एक झालेल्या गाडीचं त्या कलमापुढं काय होतं, हे आरटीओच्या टेबलावर बसलेल्या माणसावर अवलंबून. चेसिसवर ठोकलेला नंबर हाच तिचा सातबारा. बाकी सगळं बदला, तो पुसू नका. आठ वर्षांपुढच्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी. 1 एप्रिल 2022 ला पंधरा वर्षांवरच्या जड वाहनाची त्यासाठीची फी 12,500 रुपये ठरली होती. सरकारी गाड्यांची तर 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांनंतर नोंदणीच पुढं चालत नाही, त्या थेट मोडीत. 2020 च्या टाळेबंदीत एसटीनं जुन्या बसची बाकडी काढून त्यांचे मालट्रक केले, त्याला महाकार्गो नाव दिलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मिस्त्री तेच करतात, फक्त त्यांच्याकडे नाव नाही.

नियम चुकीचे आहेत असं मला म्हणता येत नाही. समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ 1 जुलै 2023 च्या रात्री बस जळून 25 माणसं गेली. ती बस जुनी होती म्हणून नाही, पण तेव्हापासून या जिल्ह्यात कोणतीही अवजड गाडी पाहिली की मनात आधी 'थांबेल का?' हाच प्रश्न येतो. हा प्रश्न मी मिस्त्रींना विचारला. ते रागावले नाहीत. नवे ड्रम-लायनर दाखवले, मास्टर सिलिंडर नवा, नळ्या नव्या. "ब्रेकमध्ये भंगार लावत नाही. कधीच नाही." आणि थोडं थांबून, "पण मालक किती भरते, ते माह्या हातात नाही."

पोरग्याला मात्र गव्हर्नर शिकण्यात रस नाही. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांना संगणक लागतो. त्याला अकोल्याला जाऊन स्कॅनर चालवायला शिकायचंय. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या जड ट्रकांच्या कॅबिनला तर एसी सक्तीचा, म्हणजे सुताराची कॅबिनही आता अवघड. पोरगा बरोबर आहे. मिस्त्रींनीही तसंच सांगितलं, फक्त त्या वेळी ते त्याच्याकडे पाहत नव्हते.

शेवटच्या दिवशी मालक आला. मिस्त्रींनी त्याला टाकीभोवती फिरवलं. टाकी तीन रिंगांची. त्यातली एक रिंग कापून काढायची, आत पडदे बसवायचे, साडेसहा हजारांच्या वर मावताच कामा नये, असं त्यांचं म्हणणं. मालक म्हणाला, टाकी राहू द्या, मी कमी भरीन. मिस्त्री म्हणाले, अर्धवट भरलेली जास्त हिंदकळते. मालकानं खेपांचा हिशेब मांडला. मिस्त्रींनी गॅस कटर पेटवला.

दुपारभर वितळलेल्या लोखंडाचा वास होता. रिंग सुटली, पुरुषभर उंच, बाभळीला टेकवून ठेवली. भंगारवाला संध्याकाळी येणार होता, चांगलं वजन होतं तिला. पण त्याच्याआधी मालकानं आपला छोटा हत्ती लावला आणि दोघा पोरांना हाताशी धरून ती रिंग चढवायला लागला.

"तिचं काय करता?" मी विचारलं.

"राहू द्या घरी," दोरी आवळत तो म्हणाला. "वेल्डिंगवाले आमच्याकडेही आहेत."