लेकराचा श्वास मोजायला माणूस हवा

जुलै १९२६ मध्ये बाबासाहेब आणि माता रमाई यांचा राजरत्न न्यूमोनियाने गेला. त्याआधीही या मायबापांनी पोटची लेकरे गमावली होती. रमाई जयंतीला आपण हे ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. पण त्या काळी न्यूमोनियावर खात्रीचे औषधच नव्हते, हे कुणी सांगत नाही. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ साली आणि ते सर्वसामान्य रोग्यांपर्यंत पोहोचायला १९४० चे दशक उजाडले. बॅरिस्टर बापदेखील तेव्हा हतबल होता. आज औषध आहे आणि ते स्वस्तही आहे. तरीही २०१९ या एका वर्षात जगातील पाच वर्षांखालील सात लाखांहून अधिक मुले याच आजाराने दगावली. ही मुले कुणाची, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

उपचार काय आहे? मूल जोरजोराने श्वास घेते आहे, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते आहे, तर दवाखाना गाठायचा. त्यातच ते दूध पिईना, निपचित पडले, झटके आले किंवा रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली गेला, तर तो तीव्र न्यूमोनिया. अशा मुलाला दाखल करून अँपिसिलिन व जेंटामायसिनची इंजेक्शने किमान पाच दिवस आणि नाकावाटे ऑक्सिजन द्यायचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. यात कोट्यवधींचे यंत्र कुठेच नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मात्र लहान मुलाचा हवा. मोठ्यांचा चिमटा तान्ह्याच्या बोटावर नीट बसत नाही आणि आकडा फसवा येतो.

साध्या नळीच्या ऑक्सिजनने भागत नसेल तर काय? ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या रुग्णालयात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून, त्यात नळी बुडवून, फुफ्फुसावर हलका दाब कायम ठेवणारे साधन तयार केले. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निकाल आले. नेहमीच्या कमी प्रवाहाच्या ऑक्सिजनवर शंभरातली १५ मुले दगावली, तर या साधनावर ४. टाकाऊ बाटलीने लेकरे वाचली, म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केले. ते योग्यच होते. पण पुढची गोष्ट फार थोड्यांनी छापली. आफ्रिकेतील मलावी देशात एका जिल्हा रुग्णालयात असेच उपचार झाले, जिथे डॉक्टरची रोजची देखरेख नव्हती. तिथे २०१९ मध्ये उलटा निकाल आला. या उपचारावरची मुले जास्त दगावली, शंभरात १७ विरुद्ध ११. म्हणजे बाटली मूल वाचवत नाही. बाटलीपाशी उभा असलेला, श्वास मोजणारा, रात्री तीन वाजता नळी सरकली तर ती नीट बसवणारा माणूस मूल वाचवतो. यंत्राची फीत कापायला मंत्री येतात. नर्सच्या रिकाम्या जागेची फीत कुणी कापत नाही.

आता मेळघाटाकडे वळू. तिथे आजारी तान्ह्याच्या पोटाला तापल्या लोखंडाचे चटके दिल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ही अंधश्रद्धा आहे आणि तिचा विरोध झालाच पाहिजे, यात तडजोड नाही. पण चटके देणारा भूमका मध्यरात्रीही हाकेसरशी येतो. सरकारी डॉक्टर तिथे त्या वेळी सापडतो का, हा प्रश्नही त्याच बातमीत विचारला गेला पाहिजे. केवळ आदिवासी आईला दोषी ठरवून शासनाला मोकळे सोडणे, ही मनुवादी सोय झाली.

कायदा काय म्हणतो? रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठवले. त्या खटल्यात, पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल सरकार, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ चा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. शेतमजुराला लागू असलेला न्याय त्याच्या सहा महिन्यांच्या मुलाला लागू नाही काय?

म्हणून आपल्या प्रत्येक शाखेने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. लहान मुलांचे ऑक्सिमीटर किती व चालू किती? कोरोनाच्या काळात बसवलेला ऑक्सिजन प्रकल्प आज सुरू आहे की कुलूपबंद? रात्रपाळीला बालविभागात किती नर्स असतात? उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. पण माहिती एखाद्याच्या जीविताशी संबंधित असेल तर कायद्याने ती ४८ तासांत द्यावी लागते, हे अर्जात ठळक लिहावे. एखादे मूल दगावलेच तर रडत गावी परतण्याआधी केसपेपर लेखी मागावेत. २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरने ते ७२ तासांत द्यायचे असतात. पुढचे काम वकिलाचे. त्या कागदांवर श्वासाचा आकडा किती वेळा लिहिला आहे, हे मी सगळ्यात आधी पाहतो.