व्यसनमुक्तीवर हसायचं असेल तर…

‘लाऊडरमिल्क’ (२०१७ मध्ये सुरू झालेली, ३ सीझन, ३० भाग) ही मालिका जरूर पाहा. निर्मिती पीटर फॅरेली आणि बॉबी मॉर्ट यांची. सॅम हा एके काळचा रॉकसमीक्षक आणि दारुडा. आता तो सिॲटलमध्ये व्यसनमुक्तांचा गट चालवतो. जिभेला हाड नाही. पण गटातला कुणी घसरला, की शोधायला हाच निघतो. शिव्या भरपूर, तेव्हा आजी-आजोबांना शेजारी बसवू नका. सुरुवातीला सॅम नकोसा होतो. दोन-तीन भाग धीर धरा.

पुणेकरांना अशा गटाची बैठक परकी वाटणार नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनातून बाहेर पडलेलेच अनेकदा नव्यांचा हात धरतात. पु. ल. आणि सुनीताबाईंची देणगी त्यामागे होती.

दारूवर हसवत रडवणं तर गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त (१९१९) केलंच होतं. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाला हशा, सिंधूच्या हालांना हुंदके. दारूत बुडालेल्या तिच्या नवऱ्याला, सुधाकरला, मात्र सॅमसारखा कुणी भेटला नाही; दारू सोडणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटनाच मुळी १९३५ची.