कपाशीत कामगंध सापळे लावले, पण पतंग मोजले का? गुलाबी बोंडअळीची वर्दी आठ पतंगांत मिळते

शेगाव : कपाशीला पात्या-फुले लागली की तालुक्यातील अनेक वावरांत काठीला टांगलेले पिवळे-हिरवे सापळे दिसू लागतात. पण सापळा लावून दिला, म्हणजे बोंडअळी गेली, असा समज बऱ्याच ठिकाणी आहे. तसे नाही. सापळा कशासाठी असतो आणि त्याचा हिशेब कसा ठेवायचा, हे समजले तर फवारणीचा खर्च नक्कीच वाचू शकतो.

किडे वासाने बोलतात

साखरेच्या डब्यापर्यंत मुंग्यांची रांग कशी लागते? पहिली मुंगी जाताना वाटेवर वास सोडते, बाकीच्या तो वास धरून येतात. पतंगांचेही तसेच. गुलाबी बोंडअळीची मादी पतंग रात्री एक खास गंध हवेत सोडते. माणसाला तो येत नाही, पण नर त्या वासाच्या मागावर मादीपर्यंत पोहोचतो. याला कामगंध म्हणतात. प्रत्येक किडीचा गंध वेगळा असतो.

गुलाबी बोंडअळीचा हा गंध शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ओळखला आणि तो कारखान्यात तयार होऊ लागला. त्याला गॉसिप्ल्युअर म्हणतात. सापळ्यातली छोटी रबरी गोळी, म्हणजे ल्यूर, याच गंधाची असते. मादी आहे समजून नर येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो.

सापळा का हवा?

ही अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पाती, फुलात किंवा बोंडात शिरते. बोंडावरचे छिद्रही बुजते. वरून पराटी हिरवीगार, आत सरकी खाल्लेली. एकदा अळी आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अळी दिसायच्या आधी पतंग दिसला पाहिजे, आणि ते काम सापळा करतो.

२०१७ च्या हंगामात बीटी कपाशीवरही या अळीने विदर्भात मोठे नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. गरज नसताना मारलेला प्रत्येक फवारा पैशाला आणि जिवाला, दोन्हीला महाग पडतो.

असा लावा, असा मोजा

- पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी एकरी २ सापळे लावावेत. जूनची पेरणी असेल तर ही वेळ ऑगस्टच्या आसपास येते.
- सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा एक ते दीड फूट उंच ठेवावा. पराटी वाढेल तसा तो वर घ्यावा.
- ल्यूर गुलाबी बोंडअळीचाच आहे ना, हे पाकिटावर पाहून घ्यावे. एका सापळ्यात दोन किडींचे ल्यूर ठेवू नयेत.
- तंबाखू, कांदा किंवा औषधाच्या हाताने ल्यूरला शिवू नये. पाकिटावर दिलेल्या मुदतीत तो बदलावा. जुना ल्यूर वावरात फेकू नये.
- रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहावेत आणि पिशवी रिकामी करावी.

सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी ८ किंवा जास्त पतंग आले, तर धोक्याची पातळी ओलांडली असे समजावे. समजा, दोन एकरांत ४ सापळे आहेत आणि एका रात्रीत मिळून ३६ पतंग सापडले. ३६ ला ४ ने भागले की ९ येतात. असे तीन रात्री झाले की उपाय करण्याची वेळ आली.

सोबत वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोन बोंडांत अळी निघाली तर नुकसान १० टक्के झाले. तीही धोक्याचीच पातळी. डोमकळी दिसल्या तर त्या अळीसकट तोडून नष्ट कराव्यात.

सापळ्याने अळी संपते का?

दोन सापळ्यांनी संपत नाही. सापळ्यात फक्त नर येतात आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. नर मोठ्या संख्येने पकडायचे असतील तर एकरी ८ ते १० सापळे लागतात, तेही गावातल्या सगळ्यांनी मिळून लावले तर उपयोग होतो. दुसरी पद्धत म्हणजे सगळ्या वावरात हा गंध पसरवून नराला गोंधळात टाकणे. त्याला खरी मादी सापडतच नाही.

अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कपाशीतून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटी कपाशी, गंधाचा वापर, वांझ केलेले पतंग सोडणे आणि पिकाचे अवशेष गाडणे हे सगळे एकत्र केले गेले.

आपल्याकडेही फरदड न घेणे, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाट्या काढून टाकणे आणि जिनिंगच्या आवारातही सापळे लावणे गरजेचे आहे. एकाने पऱ्हाट्या उभ्या ठेवल्या तर तिथले पतंग शेजाऱ्याच्या वावरात जातातच.

पातळी ओलांडल्यावर कोणते औषध, किती प्रमाणात घ्यायचे, हे गावच्या कृषी सहाय्यकाला किंवा जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच ठरवावे. जाताना पतंगांच्या नोंदीची वही सोबत न्यावी.